घरी म्हणजे कुणाच्या?

माझी आत्या स्टुलावरून पडली, तिचं खुब्याचं हाड मोडलं आणि माझी वाचा बसली. हाडाचं ऑपरेशन झालं. वाचेवर इलाज नाही, ती जन्मापासूनच तशी आहे.

आत्या नारायण पेठेत एकटी राहते. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झालेली, त्यामुळे बसल्या जागेवरून कुणालाही कुणाशीही जोडून देते. स्टुलावर ती चढली होती पंखा पुसायला. तो पंखा मी पुसून देणार होतो. दिवाळीपासून देणार होतो. (यावरून मला कुणी काही बोललं नाही. आत्यासुद्धा नाही. तेच फार लागलं.)

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "सोमवारी सोडू. पण जिना अजिबात नाही. काही महिने तुमच्याकडेच राहू द्या. तुम्ही सांगाल ना त्यांना?"

मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

आत्याचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आमच्याकडे लिफ्ट आहे, पण आम्ही वाघोलीला. पेठेतल्या माणसाच्या लेखी वाघोली म्हणजे नगरच्या अलीकडचं एखादं गाव. तिथे चल म्हटलं आणि ती नाही म्हणाली तर? आणि नाही म्हणताना पंख्याचं निघालं तर? त्यापेक्षा न बोललेलं बरं, असं मी ठरवलं. माझं बहुतेक वेळा असंच ठरतं.

"विनू, सोमवारी घरी ना?" आत्या रोज विचारायची.

"हो, घरी."

"सगळी तयारी आहे ना?"

"आहे."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त कुणाच्या घरी, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

"आत्यांना सांगितलंत का?" सुनीतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं.

"योग्य वेळी सांगतो."

"तुमची योग्य वेळ येईपर्यंत त्यांचा दुसरा खुबा मोडेल."

मी उत्तरादाखल तयारीला लागलो. आधी भाड्याची खाट आणली. पायथ्याचा दांडा फिरवला की डोक्याकडची बाजू वर होते, अशी. खात्री करायला मी स्वतः झोपलो, सुनीतानं दांडा फिरवला, डोकं वर आलं, गुडघेही वर आले आणि दांडा अडकला. खाटवाला येईपर्यंत मी घडी घातलेल्या सतरंजीसारखा पडून होतो. मग बाथरूममध्ये आत्याला धरायला कठडा हवा म्हणून भिंतीला भोक पाडायला घेतलं. ड्रिल सरळ पाण्याच्या पाइपात गेलं. खालच्या मजल्यावरून पाटीलकाकांचा फोन.

"आमच्या डोक्यावर अभिषेक सुरू झालाय. वर देव कोणता बसवलाय?"

"आत्या येतीये राहायला," मी म्हणालो.

सुनीता पोछा पिळत होती. "खाटवाल्याला सांगितलंत. पाटीलकाकांना सांगितलंत. आता फक्त आत्या राहिल्या."

सोमवार उजाडला. आत्याला स्ट्रेचरवरून हॉस्पिटलच्या दारात आणलं आणि बघतो तो समोर दोन अँब्युलन्स.

"वाघोली कोण?" पहिल्या ड्रायव्हरनं विचारलं.

"नारायण पेठ कोण?" दुसऱ्यानं विचारलं.

दोघांनी आपापल्या मोबाइलमध्ये बघून एकच नाव वाचलं. आत्याचं.

"पेशंट दोन आहेत का?"

"एकच," मी म्हणालो.

"मग कसं करायचं काका? अर्धं अर्धं न्यायचं?"

आत्यानं उशीवरची मान वळवली. "वाघोलीला कोण चाललंय?"

मी बुटांकडे पाहिलं. मग एकेक उलगडत गेलं. आत्यानं पडल्या पडल्या फोनवरून सगळं लावलं होतं. ही दुसरी अँब्युलन्स तिची. दूध सुरू केलेलं. शेजारच्या लिमयेवहिनी भाकरतुकडा ओवाळायला दारात तयार. आणि दुसऱ्या मजल्यावर न्यायला गल्लीतल्या गणपती मंडळाचे चार दांडगे कार्यकर्ते.

"खुर्चीसकट उचलणार आहेत. सवय आहे त्यांना, दरवर्षी गणपती उचलतात."

अनंत चतुर्दशीला ते गणपतीचं काय करतात, हे मला आठवलं. बोललो नाही.

"पण विनू, तू घरी म्हणाला होतास ना?"

"आमच्या घरी."

"आमच्या म्हणजे तुमच्या?"

मी मान हलवली. तेवढ्यात सुनीतानं पाठीमागून कोपर मारलं आणि त्या धक्क्यानं सगळं एकदम बाहेर पडलं.

"आत्या, तुला जिना चालणार नाही. तू आमच्याकडे चल. तो पंखा मी पुसायला हवा होता, नाही पुसला. तुझ्यापुढे तोंड उघडायची भीती वाटत होती. तू नाही म्हणशील असं वाटलं."

माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत मोठं भाषण. ऐकायला दोन्ही ड्रायव्हरांनी इंजिनं बंद केली.



"डॉक्टर मलाही बोलले होते," आत्या म्हणाली. "जिना नको, भाच्याकडे राहा. मी म्हटलं, बोलावलं तर राहीन. रोज वाट बघितली. तू यायचास, 'घरी' म्हणायचास आणि जायचास. म्हटलं, याला जड जात असणार. करावी आपली आपण सोय."

"मग ते मंडळाचे..."

"मला काय हौस आहे? चार जणांनी उचलून न्यायची माझी वेळ आलीय का अजून?"

सुनीता पदर तोंडाला लावून हसत होती की रडत होती, कळलं नाही. मला मात्र छातीवरून ती भाड्याची खाट दांड्यासकट उतरल्यासारखं वाटलं. इतके दिवस ज्याला भ्यायचो ते 'नाही' तिच्याकडे नव्हतंच. तीही माझ्याच बापाची बहीण, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आत्यानं स्ट्रेचरवरूनच दूध थांबवलं, मंडळाला घरी पाठवलं. लिमयेवहिनी भाकरतुकडा घेऊन रिक्षानं वाघोलीला निघाल्या. राहिला नारायण पेठेचा ड्रायव्हर. तो रिकामा परत जायला तयार होईना, म्हणून त्याच्या गाडीत मी बसलो. सोसायटीत दोन अँब्युलन्स पाठोपाठ शिरल्या. एकीतून आत्या उतरली, दुसरीतून मी. पाटीलकाका खालीच उभे होते.

"यांना काय झालं?" त्यांनी सुनीताला विचारलं.

"बोलले," ती म्हणाली.

संध्याकाळी आत्या खाटेवर टेकून बसली (दांडा आता व्यवस्थित फिरतो) आणि तिनं पेठेतल्या एकेका घरी फोन लावायला घेतले. "अहो, मी राहणारच होते माझ्या घरी. पण भाचा ऐकेचना. काय त्याचा आग्रह, काय त्याचं ते बोलणं! थांबतच नव्हता."

मी उशाशीच बसलो होतो. खोडून काढायचं तर बोलावं लागलं असतं.