अनफिट ठरण्यासाठी अमरावतीला

"एम्फिसीमा," अकोल्याचे डॉक्टर कानातली नळी काढत म्हणाले. नाव ऐकूनच मला घाम फुटला. मग त्यांनी समजावलं. फुप्फुसं जुन्या रबरासारखी सैल पडतात. आत घेतलेला वारा नीट बाहेर जात नाही, म्हणून नव्याला जागा उरत नाही. "बरं होणार नाही, पण जपलंत तर पुष्कळ जगाल. जिने मात्र बंद."

मी सरकारी कचेरीत शिपाई. कचेरी वरच्या मजल्यावर. जिने बंद म्हणजे नोकरीच बंद की हो!

मूळचा मी रत्नागिरीकडचा, चौथीतून शाळा सोडलेला. निवृत्तीला तीनेक वर्षं उरली होती. हेडक्लार्क म्हणाले, इनव्हॅलिड पेन्शनचा अर्ज करा. म्हणजे आजारामुळे काम होत नाही म्हणून मुदतीआधी मिळते ती. त्यासाठी अमरावतीच्या इस्पितळात मेडिकल बोर्डाने, म्हणजे डॉक्टरांच्या मंडळाने, अनफिट ठरवावं लागतं. तिथे फिट ठरलो तर पुन्हा जिना चढा, नाहीतर राजीनामा देऊन रिकाम्या हाताने गावी जा. मला झोप येईना.

जायच्या दिवशी शेजारच्या शांताबाईंनी माझ्या युनिफॉर्मला कडक इस्त्री करून दिली. "साहेब लोकाइसमोर जाऊन राहिले, भाऊ. गबाळं नका जाऊ."

त्यांचे यजमान पंजाबराव ओरडले, "अवो, यायले आजारी दिसाचं हाय, नवरदेव नाई!"

मी शांताबाईंचं ऐकलं. दाढी केली, पितळी बिल्लासुद्धा चिंचेने घासला. साहेबांसमोर जायचं तर असंच, एवढंच मला ठाऊक.

इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. एक डॉक्टर घाईने बाहेर आले, माझा बिल्ला पाहिला आणि म्हणाले, "अरे, वरून दोन खुर्च्या आण. बोर्डाचे साहेब आलेत."

मी उठलो. शेजारचा पेशंट म्हणाला, "अवो, तुमी तं पेशंट ना? काहून जाऊन राहिले?" पण साहेबांनी काम सांगितलं की माझे पाय मला विचारत नाहीत.

कसाबसा वर गेलो. एक खुर्ची घेऊन निम्मा जिना उतरलो आणि श्वासच संपला. खुर्ची मधल्या टप्प्यावर टेकवली आणि तिच्यावरच बसलो. धापा टाकत असताना खालून ते डॉक्टर आणि मागोमाग बोर्डाचे मोठे साहेब आले.

"कुठल्या वॉर्डाचा रे तू?" डॉक्टरांनी विचारलं.

"साहेब... तुमच्याच... बोर्डाचा पेशंट."

उठायला गेलो तर मोठ्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. "बसा." खुर्ची आणायला सांगणारे डॉक्टर स्वतः पाण्याला धावले.

पुढे रीतसर तपासणी झाली. एक्सरे काढला. मग साहेबांनी काडी पेटवून तोंडासमोर धरली. तोंड उघडं ठेवून फुंकायचं. मी फुंकत राहिलो, ज्योत हलेना, शेवटी साहेबांचंच बोट भाजलं. "कायमचे अनफिट," ते बोट झटकत म्हणाले. मी इतका खूश झालो की पाया पडायला वाकलो, तर पुन्हा धाप लागली. सगळे हसले. मीही हसलो.

तुमच्यापैकी कुणाला बोर्डापुढे जायची वेळ आली तर भिऊ नका. फक्त आहात तसे जा.

पेन्शन सुरू झाली. त्या डॉक्टरांचे आणि शेजाऱ्यांचे उपकार मी विसरणार नाही. आता कुणी हाक मारली की मी म्हणतो, "जरा दम घेऊ द्या." इतकी वर्षं वाटायचं, आपण थांबलो तर लोक रागावतील. थांबतात हो लोक.