हाताने ढवळलेले औषध

आमच्या घराण्याचा धंदा कापड रंगवण्याचा. म्हैसुरात आमच्या कित्येक पिढ्या गेल्या. गिरणीचे छापील कापड बाजारात आले आणि वडिलांच्या हयातीतच आमची भट्टी विझली. धंदा गेला, त्याची रीत मात्र हातांत राहिली. रंग काठीने ढवळायचा नाही, हे आम्हाला लहानपणीच शिकवले गेले होते. गुठळी काठीला कळत नाही, बोटांना कळते. वडिलांचे हात कोपरापर्यंत निळे असत आणि ते झाकण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही.

पुढे माझा थोरला भाऊ हुणसूरकडच्या एका तंबाखूच्या मळ्यावर देखरेखीच्या कामाला लागला. त्याला मी अण्णा म्हणतो. त्यानेच मलाही तेथे नेले. कीड पडली की पिंपात पाणी घेऊन त्यात औषधाची पूड कालवायची आणि ते पंपांत भरायचे. औषध म्हणजे विष, हे सर्वांना ठाऊक होते. तरी म्हणायचे औषधच. मजूर ते बांबूने ढवळत. अण्णाने पहिल्याच दिवशी बांबू बाजूला ठेवला, बाही वर सारली आणि हात पिंपात घातला.

"अय्यो स्वामी, कढी ढवळताय काय?" एक मजूर कानडीत म्हणाला. सगळे हसले.

"कढीच आहे. जेवायला बस," अण्णा म्हणाला. "गुठळी राहिली तर पंप तुंबतोय. मग तू फुंकणार काय? तम्मा, ये रे. ते दुसरं पिंप तू घे."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या घरच्या मराठीत असे कानडी शब्द कायमचे वस्तीला आले आहेत. मी हात घातला. पाणी गार होते. बोटांखाली गुठळ्या फुटत होत्या आणि ते काम मला येत होते.

संध्याकाळी डोके जड होई, तोंडाला पाणी सुटे, कधी ओकारी होई. ऊन बाधले, असे म्हणून आम्ही ताक पीत असू. असे अनेक हंगाम गेले.

आता आम्ही दोघे म्हैसुरात सरस्वतीपुरमला शेजारी राहतो. काही वर्षांपूर्वी अण्णाला वास येईनासा झाला. स्वयंपाकघरात दूध करपले आणि हा दाराशी वर्तमानपत्र वाचत बसला होता. आम्ही त्याची थट्टा केली. मग त्याचे अक्षर बारीक होत गेले. मग चालताना उजवा हात अंगाला चिकटून राहू लागला, आणि शेवटी तो कापू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. फवारणीच्या औषधांशी कधी संबंध आला होता का, असे त्यांनी विचारले, तेव्हा अण्णाने पिंपाची हकीकत सांगितली.

"त्यानेच झाले?" मी विचारले.

"एका माणसापुरते तसे सांगता येत नाही. वर्षानुवर्षे अशा औषधांत काम केलेल्यांना धोका जास्त असतो, एवढे म्हणता येईल. सगळ्यांना होत नाही."

शेवटचे वाक्य त्यांनी धीर देण्यासाठी उच्चारले असावे. त्यांना दुसऱ्या पिंपाविषयी ठाऊक नव्हते. मी सांगितले नाही.

त्या दिवसापासून मी रोज सकाळी हिंगाची डबी उघडून हुंगतो. वास येतो. मग वाटते, काल याहून उग्र येत होता. पत्नीने एकदा विचारले, "डबीत काय शोधता?" किडे झालेत का पाहतो, असे मी म्हणालो.

एके दिवशी अण्णा व्हरांड्यात बसला असता मी त्याच्यासमोरून फाटकापर्यंत गेलो.

"तम्मा, परत एकदा चाल बघू."

"कशाला?"

"सुम्ने चाल रे, उगाच. कारण सांगितल्याशिवाय पाय उचलत नाहीत काय तुझे?"

मी चाललो.

"हात मुद्दाम हलवतोयस."

"चालताना माणसाचे हात हलतातच."

"तुझ्या वहिनीला मी हेच सांगत होतो." अण्णा म्हणाला. "उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येतो बरोबर."

डॉक्टरांनी मला चालवले, बोटांची उघडझाप करवली, मनगट फिरवून पाहिले. या वेळी मी दुसऱ्या पिंपाविषयीही सांगितले. ते म्हणाले, "डावा हात थोडा कमी हलतो. वयानेही होते. आज ठाम काही सांगता येत नाही. काही महिन्यांनी पुन्हा या."

अण्णा बाहेर बाकावर उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता.

"काय म्हणाले?"

"विशेष काही नाही. पुन्हा बोलावलंय."

त्याने मांडीखालचा हात बाहेर काढला. मग म्हणाला, "मलाही पहिल्या खेपेला पुन्हाच बोलावलं होतं. एकटाच आलो होतो तेव्हा. घरी कुणाला बोललो नाही."

घरी आल्यावर मी पत्नीला सर्व सांगितले. तिने ऐकून घेतले. आम्ही दोघे संध्याकाळी फिरायला जातो. पूर्वी ती माझ्या बरोबरीने चालत असे. आता ती थोडी मागे राहते, माझ्या डाव्या बाजूला.