‘कोणीतरी’ म्हणजे कोण?

खैरनारकाकूंना मी बसलेलं एकदाच पाहिलं. एरवी त्या चहासुद्धा जिन्यात फेऱ्या मारत प्यायच्या. जेवण ओट्याशी उभ्यानं, फोन गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत. “बूड टेकलं की माणूस जडावतो,” असं म्हणायच्या आणि तेवढ्यात कुणाचा नळ ठिबकतोय का ते बघायला निघायच्या. सिल्वासात नरोली रस्त्यावर आमची चार मजली इमारत आहे. तिथं त्यांच्या रबरी चपलांचा आवाज दिवसभर वरखाली होत असे, आणि तो ऐकून उगाचच आपलं काहीतरी करायचं राहिलंय असं वाटायचं.

आमची पहिली भेट जिन्यातच झाली. मी नाशिकहून मसाटच्या कारखान्यात नोकरीला आलो होतो आणि सामान वर चढवत होतो. जिन्यातला दिवा गेलेला. हमालाला मी म्हणालो, “असू दे, कोणीतरी बघेल.” खालून वर येणारी एक किडकिडीत बाई थांबली. “कोणीतरी म्हणजे कोण? नाव सांग.” मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मी निमूटपणे माझं नाव सांगितलं. “मग जा, बल्ब आण,” म्हणाल्या आणि माझ्या खोक्यांना वळसा घालून वर गेल्या.

तसं पाहिलं तर आमच्या इमारतीत इथलं कुणीच नव्हतं. वरच्या मजल्यांवर पुण्या-मुंबईचे, नाशिकचे साहेबलोक, तळमजल्यावर नंदुरबार-धुळ्याकडून कारखान्यांत कामाला आलेली कुटुंबं, आणि बिल्डर सुरतेला. “आपण इथले थोडेच?” हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी. माझीही दोन खोकी बदलीच्या आशेवर तशीच बांधलेली होती. काकूही मूळच्या बागलाणातल्या. यजमानांच्या नोकरीपायी आल्या, यजमान गेले, मुलगा अमोल पुण्याला स्थायिक झाला, आणि या इथंच राहिल्या.

बेजबाबदार या शब्दाचा त्यांना राग होता. “कागदावरचा शब्द आहे तो. असं म्हटलं तर कुणालाच लागत नाही,” म्हणायच्या. त्यांचा आवडता सिद्धांत वेगळाच होता. “गुजराती माणूस ‘थई जसे’ म्हणून सुटतो, हिंदीवाला ‘हो जाएगा’ म्हणतो. मराठी माणसाला मात्र अंग चोरायला अख्खं अंग लागतं. तो हात झटकतो, काखा वर करतो, कानावर हात ठेवतो, डोळेझाक करतो, आणि काहीच नाही जमलं तर काढता पाय घेतो.” त्यावरून त्यांनी इमारतीत बारशीच उरकली होती. दुसऱ्या मजल्यावरचे देशमुखसाहेब म्हणजे ‘काखा’. समोरच्या जोशीबाई म्हणजे ‘कान’. मी ‘पाय’, कारण माझा एक पाय सदैव नाशिकच्या गाडीत.

एका उन्हाळ्यात टँकरच्या पाइपाचा झटका बसून पार्किंगमधल्या जमिनीखालच्या टाकीचं सिमेंटचं झाकण फुटलं. टँकरवाल्यानं तोंडावर एक प्लायवूड टाकलं. “थई जसे, काकी, चिंता ना करो.” पाणी पिऊन ते प्लायवूड आठवड्यात मऊ पडलं. काकू दारोदार फिरल्या. देशमुखसाहेब म्हणाले, “बिल्डरशी कोणीतरी बोलायला हवं.” जोशीबाईंना झाकण फुटल्याचं ऐकूच आलं नव्हतं. मी म्हणालो, आपण सगळे मिळून काहीतरी करू. काकू म्हणाल्या, “सगळे मिळून म्हणजे कुणीच नाही रे, बाबा.”

तळमजल्यावरच्या संगीताची परी तेव्हा तीन वर्षांची होती. प्लायवूडच्या फटीतून खडे टाकायचे आणि डुबुक असा आवाज ऐकायचा, हा तिचा खेळ. एका दुपारी संगीता पॅकिंगची शिफ्ट करून आली तेव्हा प्लायवूड सरकलेलं होतं, आणि आत पाण्यावर परीची गुलाबी चप्पल तरंगत होती.

संगीता एरवी आमच्याशी जपून, आमच्यासारखं बोलायची. त्या दिवशी ती टाकीच्या तोंडाशी पालथी पडून आपल्या अहिराणीत “मनी पोर कोठे शे? मनी पोर कोठे शे?” एवढंच ओरडत होती. मी गॅलरीतून धावत खाली आलो. काकू माझ्या आधी तिथं होत्या आणि पदर खोचून आत उतरायच्या बेतात होत्या. पोहता येत नव्हतं त्यांना. तेवढ्यात कुणीतरी परीला स्कूटरच्या मागून उचलून आणलं. एका पायात चप्पल तशीच होती आणि ती सावलीला गाढ झोपली होती. संगीतानं आधी तिला एक रट्टा दिला आणि मग पोटाशी घेतलं.

संध्याकाळी सगळे पार्किंगमध्ये जमले. देवानं राखलं, असं सगळ्यांनी म्हटलं, आणि उद्या काहीतरी बघायलाच हवं, असंही म्हटलं. काकू तेवढ्यात ते मऊ प्लायवूड ओढून पुन्हा तोंडावर बसवत होत्या.

सकाळी खाली पाहिलं तर टाकीच्या तोंडाशी खुर्ची होती आणि खुर्चीत काकू बसलेल्या. टँकर आला. काकू हलल्या नाहीत. टँकरवाल्यानं हॉर्न वाजवला, विनवण्या केल्या आणि शेवटी पाणी तसंच घेऊन निघून गेला. दुपारपर्यंत वरचे नळ कोरडे पडले. मग एकेक साहेब खाली उतरू लागला. कुणी समजावलं, कुणी चिडलं. काकूंचं उत्तर एकच. “झाकण कोण आणणार? नाव सांगा, मग उठते.” बसणं त्यांना सोसत नव्हतं. गुडघे सारखे हलत होते, हाताची बोटं खुर्चीच्या दांडीवर वाजत होती. परी त्यांच्या पायाशी खडे मांडत होती. शेवटी देशमुखसाहेब साबण लावलेल्या तोंडानंच खाली आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “देशमुख. मी आणतो.” ते त्याच पावली मसाटला फॅब्रिकेशनवाल्याकडे गेले आणि अंधार पडायच्या आत लोखंडी झाकण घेऊन आले, कडी-कुलपासकट. काकूंनी खुर्ची उचलली. “आजपासून काखा खाली,” एवढंच म्हणाल्या. कुलपाची किल्ली त्यांनी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. टँकर आला की काकूच कुलूप उघडायच्या, काकूच लावायच्या.

या बाईला एकाच माणसाला असा रोखठोक प्रश्न विचारता आला नाही. अमोलचा फोन रविवारी यायचा. “बघतो आई, यायचं जमवतो, या महिन्यात नक्की होईल.” काकू चालता चालता “बरं, बरं” म्हणायच्या आणि आम्हाला सांगायच्या, “त्याचं कामच तसलं आहे.” एकदा मी धीर करून विचारलं, “काकू, अमोलला नाही विचारत, नक्की कधी ते?” त्या जिन्यात थांबल्या. “विचारलं, आणि त्यानं खरंच उत्तर दिलं तर?” मग चपला वाजवत वर गेल्या. मला फार वाईट वाटलं, आणि पुढे मी कधी विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चपलांचा आवाज आला नाही. तो आला नाही, हे अख्ख्या इमारतीला एकदमच कळलं असावं. देशमुखसाहेबांनी दार फोडलं, संगीतानं काकूंचं डोकं मांडीवर घेतलं, मी रिक्षा आणली. दवाखान्यात त्या संध्याकाळपर्यंत होत्या. अमोल पुण्याहून निघाला होता, पण तेव्हा तो अजून वाटेतच होता.

दिवसपाणी झाल्यावर त्यानं घर रिकामं केलं. टेम्पो भरला, आणि निघताना तो पार्किंगमध्ये आमच्यापुढे उभा राहिला. हातात तो दोरा होता. “ही इथल्या टाकीची किल्ली दिसते,” तो म्हणाला. “कोणीतरी ठेवून घ्या.”

संगीता पुढे झाली. आवाज चढवला नाही तिनं. “कोनीतरी म्हंजे कोन, भाऊ? नाव सांगा.”

अमोल तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, हा प्रश्न कुणाचा आहे हे त्याला कळलं, आणि तो त्याला कधीच का विचारला गेला नाही हेही. डोळे भरून आले त्याचे. किल्ली तशीच हातात लोंबत होती. जोशीबाई मोबाइल पाहू लागल्या. देशमुखसाहेबांचा हात अर्धवट उचलला गेला. मी त्या किल्लीकडे हात केला आणि माझं नाव सांगितलं, आडनावासकट.

आता टँकर आला की मीच खाली जातो. परी झाकणावर उभी राहून कुलूप ओढून बघते. नाशिकच्या बदलीचा कागद गेल्या आठवड्यात आला, तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही. जायच्या आधी किल्ली कुणाला द्यायची ते ठरवायचं आहे, आणि संगीतासमोर त्याचं नाव सांगायचं आहे.