नापासांच्या घरी जेवणारे सर

देवाशी आमच्या गणिताच्या सरांइतकं ठणकावून बोलणारा माणूस साऱ्या खानदेशात दुसरा झाला नसेल. इतर माणसं प्रार्थनेत मान खाली घालतात, आवाज मऊ करतात, काही मागायचं असेल तर आडवळणाने मागतात. सर सकाळच्या परिपाठाला पायरीवर उभे राहायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि एसटीच्या चौकशीच्या खिडकीवर गाडीला उशीर का झाला हे विचारावं, तशा सुरात सुरुवात करायचे, "हे प्रभू, नववी ब मध्ये काय चाललंय, तुझं लक्ष आहे ना?"

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी धुळ्याच्या एका मिशन हायस्कुलात विज्ञानाची बाई म्हणून रुजू झाले, तेव्हा हा माणूस तिथे जुना झाला होता. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर. ख्रिस्ती शाळेत रोजची प्रार्थना असते हे ऐकून होते आणि त्या वेळी आपण काय करायचं, हे पहिल्या दिवशी माझं काही केल्या ठरत नव्हतं. हात जोडावेत, तर आपण खोटं वागतो असं वाटणार. न जोडावेत, तर नव्या नोकरीत उद्धटपणा दिसणार. सरांनी ते कसं ओळखलं कोण जाणे. घंटा व्हायच्या आधी ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही खुशाल डोळे उघडे ठेवा. आम्ही सगळे मिटतो, तेव्हा पोरांकडे बघायला कोणी उरतच नाही. फार दिवसांची अडचण होती." माझ्या धर्माचा प्रश्न त्यांनी असा शाळेच्या शिस्तीत बसवून टाकला आणि पुन्हा कधी काढला नाही.

त्यांची प्रार्थना म्हणजे साऱ्या शाळेपुढे वाचलेलं प्रगतिपुस्तक असायचं. "प्रभू, दहावीतल्या एका मुलाला व्हिडिओवरचे सिनेमे फार आवडू लागलेत. त्याचं नाव तुला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक आहे. त्याच्या वडिलांना अजून ठाऊक नाही, ते तसंच राहावं अशी त्याची इच्छा असेल तर त्याला आज संध्याकाळी माझ्याकडे येण्याची बुद्धी दे." तो मुलगा संध्याकाळी जायचाच. कधीकधी ज्याच्यासाठी मुळीच प्रार्थना झाली नव्हती असे आणखी तिघे घाबरून जायचे. मुलं छडीला भ्यायची नाहीत, पण सर आपल्यासाठी प्रार्थना करतील या धाकाने गृहपाठ करायची. शिक्षकही यातून सुटायचे नाहीत. "प्रभू, भूगोलाच्या सरांना अकरा वाजताही सकाळच झाल्यासारखं वाटतं," असं एकदा ऐकू आलं आणि भूगोलाचे सर पुढचा आठवडाभर शिपायाच्याही आधी शाळेत हजर होते.

मात्र देवाकडे काय मागायचं याबद्दल त्यांचे नियम कडक होते. पेपर सोपा निघू दे, असं मागायचं नाही. "ती कॉपीच झाली. फक्त ती वरून केली, एवढंच," ते म्हणायचे. एकदा सोनगीरकडचे एक सधन शेतकरी मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "सर, एवढी प्रार्थना करी द्या, पोऱ्या पास व्हयना पाहिजे." सरांनी विचारलं, "अभ्यास करतो का?" ते म्हणाले, "अभ्यास करता तर तुमनाकडे कसाले येतू?" सरांनी त्या मुलाला शाळेच्या वसतिगृहात ठेवून घेतलं आणि रोज पहाटे उठवून बीजगणित शिकवलं. वर्षाच्या शेवटी मुलगा पास झाला. वडील केळीचा घड घेऊन आले आणि प्रार्थनेचे गुण गाऊ लागले, तेव्हा सर म्हणाले, "प्रार्थना मी त्याला वेळेवर जाग यावी एवढीच करत होतो."

गाणं हा त्यांचा दुसरा नाद. आवाज म्हणाल तर उसाचा चरक. पण गळ्यातून नाही तर छातीतून गायचं असतं, असं त्यांचं मत होतं आणि छाती भरपूर होती. सूत्रं पाठ होत नाहीत म्हणून त्यांनी ती उपासनेतल्या गीतांच्या चालींवर बसवली. वर्गात त्याचा फार उपयोग झाला, पण रविवारी घोटाळा व्हायला लागला. त्यांच्या ख्रिस्ती देवळात पेटीवर चाल सुरू झाली की मागच्या बाकांवरून "अ वर्ग अधिक दोन अब अधिक ब वर्ग" असं भक्तिभावाने ऐकू यायचं. पाळकसाहेबांनी तक्रार केली. सर गंभीरपणे म्हणाले, "साहेब, त्यात खोटं तर काही नाही ना?"

पण त्यांची खरी तऱ्हा दिसायची ती दहावीच्या निकालाच्या दिवशी. सगळी शाळा पहिल्या आलेल्यांभोवती जमायची, पेढ्यांचे पुडे फुटायचे. सर पेढ्याला हातही लावायचे नाहीत. नापास झाले कोण, एवढं विचारून ते सायकलवर टांग टाकायचे आणि त्या मुलांच्या घरी जायचे. लांबचं गाव असलं तर एसटीने जायचे. आणि गेल्यावर काय, तर जेवायला मागायचे. अशाच एका वर्षी मी त्यांच्याबरोबर गेले होते. अंगणात मुलगा गुडघ्यात डोकं घालून बसलेला, आई भिंतीला टेकलेली. बाप चिडून म्हणाला, "सर, पोऱ्या नापास व्हयना, आनि तुम्ही जेवाले येल शेतस?" सर म्हणाले, "हो. भरीत असलं तर बरं. नसलं तर ठेचा-भाकरीही चालेल." आई डोळे पुसत उठली. वांगी भाजली गेली, तव्यावर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी पडली, मुलाला पाणी आणायला सांगितलं गेलं आणि पाहता पाहता ते घर पुन्हा घरासारखं हलायला लागलं. परतताना मी त्यांना म्हटलं, "सर, असं मागून जेवणं बरं दिसतं का?" ते म्हणाले, "पोरगं नापास झालं की त्या घरात चूल पेटत नाही, बाई. पाहुणा आला की पेटवावीच लागते. एकदा माणसं जेवली की मग ऑक्टोबरच्या परीक्षेचं बोलता येतं." त्या दिवशी ते आणखी तीन घरी पोटभर जेवले आणि रात्री ओवा खाऊन झोपले, असं त्यांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, मला नंतर सांगितलं.

आणि एका वर्षी त्यांची स्वतःची मुलगी, करुणा, नापास झाली. तीही गणितात.

गुणपत्रकं शाळेत आली, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत कोणी कोणाकडे बघेना. सरांनी करुणाचं गुणपत्रक पाहिलं, घडी न घालता खिशात ठेवलं आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "आणखी कोण कोण?" नावं ऐकून घेतली आणि सायकल काढली. मला वाटलं, आधी घरी जातील. पण संध्याकाळ व्हायला आली तेव्हा वहिनी माझ्या दारात उभ्या होत्या. आमची घरं शेजारच्याच गल्लीत. त्या म्हणाल्या, "अजून आले नाहीत हो. पोरगी सकाळपासून तोंडात घास घेत नाही."

मी शाळेत गेले. सर दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले होते. गुडघे बाकात मावत नव्हते.

"सर, घरी चला."

"सगळ्यांकडे जाऊन आलो, बाई. सगळ्यांना सांगितलं, काही बुडालं नाही म्हणून. आता माझ्याच घरी जाऊन काय सांगू? दुसऱ्यांच्या दारात मला सगळं सुचतं हो."

"काही सांगू नका. नुसते चला."

"लोक म्हणतील, गावाच्या पोरांना शिकवलं आणि घरचं पोर..."

"लोकांचं राहू द्या. करुणा उपाशी आहे."

तेव्हा ते उठले. सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले. दार करुणानेच उघडलं. तिचे डोळे सुजलेले होते. तीच आधी म्हणाली, "बाबा, सगळीकडे जेवून आला असाल ना?"

"नाही," सर म्हणाले. "आज कुठेच जेवलो नाही."

ती आत गेली. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. वहिनींनी घाईघाईने भाकरीचं पीठ मळायला घेतलं. ताटं मांडली गेली आणि मलाही बसवलं. जेवणाआधी प्रार्थना करायची म्हणून सरांनी चष्मा काढला, "हे प्रभू" म्हणाले आणि थांबले. पुढे शब्दच येईना. साऱ्या शाळेला घुमवणारा तो आवाज तिथे, त्या लहानशा स्वयंपाकघरात, पार विरून गेला. मग करुणा बोलू लागली.

"हे प्रभू, माझे बाबा फार चांगले शिक्षक आहेत, असं सगळे म्हणतात. पण घरी ते फार भराभर शिकवतात, आणि तेच पुन्हा विचारलं की सुस्कारा सोडतात. त्यांना थोडा धीर दे. मला प्रमेयं समजत नाहीत हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण गणिताच्या सरांच्या मुलीने ते कसं सांगायचं? मलाही थोडं धैर्य दे. ऑक्टोबरचा पेपर सोपा दे, असं मी म्हणणार नाही. आमेन."

मी नेहमीप्रमाणे डोळे उघडे ठेवले होते. सरांचेही उघडे होते. ते मुलीकडे असे बघत होते, जणू ती त्यांना आजच पहिल्यांदा दिसत होती. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तरीही कुठेतरी हसू फुटत होतं. त्यांनी विचारलं, "कोणतं प्रमेय समजत नाही?"

"सगळीच," करुणा म्हणाली.

वहिनींना आधी हसू फुटलं, मग आम्हा सगळ्यांना. त्या दिवशी वरणबट्टीसारखं मेजवानीचं काही नव्हतं, नुसतं पिठलं-भाकरीच होती, पण तसं पिठलं मी पुन्हा खाल्लेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर माझ्याकडे आले. "बाई, गणित तुम्ही शिकवा तिला. माझ्याच्याने व्हायचं नाही. मी तोवर भाजी निवडतो." तेव्हापासून रोज संध्याकाळी मी करुणाला शिकवू लागले आणि सर आत मेथी निवडत बसू लागले. माझी एखादी पायरी चुकली की आतून खोकला यायचा. मग वहिनींचा दबका आवाज, "तुम्ही गप बसा हो." मग पुन्हा मेथी. ऑक्टोबरच्या परीक्षेत करुणा पास झाली. फार गुण नव्हते, पण पास झाली. पेढे वाटताना सर रडले, आणि पहिला पेढा त्यांनी भूगोलाच्या सरांना का दिला ते कोणालाच कळलं नाही. पुढे वर्गात एखाद्याने तेच पुन्हा विचारलं की ते फळा पुसायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे, एवढा फरक मात्र सगळ्यांना दिसला.

लग्नानंतर मी जळगावला आले. करुणा नर्स झाली, रावेरला नोकरीला लागली आणि निवृत्तीनंतर सर-वहिनी तिच्याकडेच राहायला गेले, हे ऐकून होते. बऱ्याच वर्षांनी, नव्वदच्या दशकात, जळगावच्या स्टँडवर सर आणि करुणा मला भेटले. सरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा, अंगात स्वेटर, छाती पार आत गेलेली. करुणा धावत येऊन मला बिलगली. मी वाकून नमस्कार केला, तशी सरांनी हाताने चाचपून माझा खांदा धरला.

"कोणत्या बॅचची गं?" त्यांनी विचारलं.

करुणा सांगायला गेली, "बाबा, या तर आपल्या..." मी तिचा हात दाबला. काही न ठरवताच मी म्हणाले, "करुणाच्या बॅचची, सर."

"अस्सं? मग गणित जड गेलं असेल तुला."

"गेलं, सर."

"पण झालीस ना पार?"

"झाले."

"मग झालं तर," असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. इतकी वर्षं आम्ही एकत्र काढली, पण अहो-जाहोशिवाय त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती. रावेरची गाडी लागली. करुणाने त्यांना जपून वर चढवलं. खिडकीतून ते भलत्याच बाजूला तोंड करून म्हणाले, "नीट जा हं घरी, पोरी." मी त्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि हो म्हटलं.