गरम चाचणीचा रकाना

बंदुकीची पावडर निवडताना मी आधी ती तळहातावर घेऊन बघतो. याला शास्त्रीय अर्थ काही नाही. दुकानात तांदूळ घेताना माणसं मूठभर हातात घेतात, तशीच ही सवय. कागदावर तिला बंदुकीची दारू म्हणतात, पण कुवेतमध्ये राहून घरच्यांशी फोनवर रोज दारूबद्दल बोलणं काही बरं दिसत नाही, म्हणून आम्ही पावडरच म्हणत आलो.

त्या जानेवारीत माझ्या टेबलावर दोन डबे होते. एकात जुनी पावडर होती. मी यायच्याही आधीपासून क्लबात तीच वापरत. शेवयांचा चुरा करावा तशी ती बारीक काड्यांची होती. दुसऱ्या डब्यातली नवी, खसखशीसारखी गोल आणि गुळगुळीत. दोन्हींतली एक निवडून वर्षभराची मागणी एकदम पाठवायची होती, कारण परवान्यावर पावडर मागवायची तर कागदांचा फेरा एवढा, की वर्षातून दुसऱ्यांदा त्या वाटेला कोणी जात नाही. निवड माझी होती आणि सही माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे बराच काळ मी ते विसरल्यासारखं वागलो.

माझं काम वाळवंटातल्या एका नेमबाजी क्लबात काडतुसं पुन्हा भरायचं. सभासद रायफली झाडतात, रिकामी पितळी काडतुसं गोळा होतात, ती धुऊन, मापात आणून, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवून, पावडर आणि गोळी घालून आम्ही परत तयार करतो. मोसमात दिवसाला हजारांनी. त्याआधी वीस वर्षं मी आपल्याकडे दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात तपासनीस होतो. त्या वीस वर्षांचा मला फार अभिमान होता आणि तो मी कोणी न विचारताही ऐकवत असे. मुदीर, म्हणजे आमचा व्यवस्थापक, काही बोलायला लागला की माझं ‘आमच्या कारखान्यात’ सुरू व्हायचं. उंटावरचा शहाणा कसा असतो ते बघायला कुवेतमध्ये उंट शोधायची गरज नव्हती, मी होतो.

माझ्याबरोबर भाई होते. संगमेश्वरकडचे, कोकणी मुसलमान. वयाने माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे आणि क्लबात सगळ्यांत जुने. भरलेल्या काडतुसांचे खोके सकाळी पिकअपमध्ये टाकून लांबच्या चांदमारीवर न्यायचे, सभासदांच्या रायफली नेम धरून लावून द्यायच्या, हे त्यांचं काम. त्यांच्यासारखी नजर मी दुसरी पाहिली नाही. उडालेल्या गोळीचं भोक ते दुर्बिणीआधी सांगायचे. इंग्रजी त्यांना बोलता येत नव्हतं आणि वाचताही येत नव्हतं. फळ्यावर नवा कागद लागला की ते माझ्या खोलीच्या दारात यायचे आणि विचारायचे, “मेल्या, काय लिहिलंय सांग.” मी सांगायचो. गेली कित्येक वर्षं क्लबाचे सगळे नियम त्यांना माझ्या तोंडूनच कळत होते.

जुनी पावडर उत्तम होती, पण यंत्राच्या मापात तिच्या काड्या अडकायच्या. एका काडतुसात जरा जास्त, दुसऱ्यात जरा कमी. मग प्रत्येक खोक्यातली काही काढून तोलायची, कमीजास्त निघाली की सगळा खोका उलटायचा. नवी पाण्यासारखी वाहायची. मुदीरला नवीच हवी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. ती काडीकाडी तोलून मी विटलो होतो.

भाईंनी दोन्ही डबे बघितले. त्यांना पावडरीतलं काही कळत नाही असं ते स्वतःच म्हणायचे. म्हणाले, “जुनीच मागव की. ती दिवसभर गाडीत पडून राहिली तरी तिला काय होत नाही.”

“यंत्रात अडकते, भाई.”

“आणि ही? ही चालेल ना गाडीत?”

“चालेल,” मी म्हणालो.

बाहेर तेव्हा स्वेटरची थंडी होती. आत खोलीत, पावडरीच्या कोठारात, तयार मालाच्या कोठारात, सगळीकडे एसी. इथे माणूस घरातून गाडीत, गाडीतून कचेरीत, एका थंड पेटीतून दुसऱ्या थंड पेटीत जातो आणि हळूहळू त्याला वाटायला लागतं की जगाचं हवामान हेच आहे. तापली की प्रत्येक पावडर जास्त जोराने जळते. काहींचा फरक नगण्य असतो, काहींचा जीवघेणा. हे कारखान्यात पहिल्याच वर्षी शिकवतात. तिथे आम्ही प्रत्येक नव्या मालातली काडतुसं गरम कपाटात अख्खा दिवस ठेवून मग उडवायचो. ते कपाट माझ्याच ताब्यात होतं.

क्लबात कपाट नव्हतं. मागितलं असतं तर महिना-दोन महिन्यांनी आलं असतं. तोवर मागणीची मुदत टळली असती. मी नव्या पावडरीची काडतुसं भरली, गोळीला जुनीइतकाच वेग यावा म्हणून माप जरा वरच्या अंगाला ठेवलं आणि जानेवारीच्या त्या गार हवेत उडवून पाहिली. फार सुंदर नेम लागला. भाई खूश झाले. मग मी चाचणीचा तक्ता भरायला बसलो. त्यात शेवटून दुसरा रकाना गरम चाचणीचा. तो तक्ता मीच बनवला होता, कारखान्यातल्यासारखा. पावडरीबरोबर बनवणाऱ्यांचं एक पत्रक आलं होतं, त्यात ‘सर्व हवामानांस योग्य’ असं काहीतरी छापलं होतं. मी रकान्यात ‘ठीक’ लिहिलं आणि सही केली. पिंपं मार्चमध्ये आली.

जूनमध्ये एका सकाळी, दहा वाजून गेले असतील, भाईंनी पिकअपमधून खोका काढला. खोका सहापासून मागच्या उघड्या भागात पडून होता, नेहमी पडायचा तसा. एका सभासदाची जुनी रायफल नेमात लावायची होती. तिसऱ्या गोळीला काडतुसाचं बूड फुटलं. तापलेला वायू आणि पितळेचा एक तुकडा मागे आला आणि चष्म्याच्या कडेखालून भाईंच्या उजव्या डोळ्यात शिरला.

मी पोचलो तोवर त्यांना नेलं होतं. रायफल तिथेच होती. तिचा मागचा बोल्ट उघडेना, लाकडी हातोडीने ठोकून उघडला. आतल्या काडतुसाची टोपी जागेवर नव्हती आणि बुडाचं पितळ मेण दाबावं तसं पसरलेलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मला उभ्या जागी कळलं. तरीही मी दुसऱ्या दिवशी त्याच मालातली काडतुसं महबूल्यातल्या घराखाली माझ्या गाडीत उन्हात ठेवली, क्लबात नेऊन रायफल लोखंडी घोडीवर बांधली आणि लांबून दोरी ओढून उडवली. चौथ्याला तेच झालं. जी चाचणी जानेवारीत करायची होती ती मी जूनमध्ये केली, आणि तिला लागलं काय? एक गाडी आणि एक दोरी. कपाट नाही म्हणून मी रडत होतो. जानेवारीत ऊन नव्हतं हे खरं, पण पिंपं आल्यावर, ती वापरायला काढण्याआधी, ऊन येईपर्यंत थांबता आलं असतं.

मी मुदीरला सांगितलं. एवढं तरी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस ऐकवलं. त्याने तक्ता मागवला, गरम चाचणीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, हा तक्ता वर गेला तर तू पहिल्या विमानाने जाशील आणि तुझ्या मागे मी. मग म्हणाला, काडतुसं गाडीत ठेवायची नाहीत अशी सूचना फळ्यावर असेलच. मी म्हणालो, नाही. तो म्हणाला, असेल, नीट बघ.

पडत्या फळाची आज्ञा मी झेलली. मुलीची बारावी होती, बायको अबू हलीफात एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, पण तिचा आणि मुलीचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, माझ्या इकाम्यावर होता. मी गेलो की ते घर उठणार. ही कारणं खरी आहेत. ती सांगताना मला लाज वाटते, तीही खरी आहे.

सूचना इंग्रजीत हवी होती. माझं इंग्रजी कारखान्याचं, म्हणून मुलीला टाइप करायला सांगितलं. भरलेली काडतुसं वाहनात किंवा उन्हात ठेवू नयेत, दोन ओळी. तारीख मार्चची. तिने टाइप केलं आणि मान न उचलता म्हणाली, “बाबा, धिस डेट इज राँग.”

“आहे तीच राहू दे.”

तिने माझ्याकडे पाहिलं आणि प्रिंट काढली. पुढे कधी तिने विचारलं नाही. मी तो कागद जुना दिसावा म्हणून दोनदा दुमडला, उलगडला आणि फळ्यावर बाकीच्या कागदांच्या खाली लावला.

भाईंचा जबाब घ्यायला मुदीरने मलाच पाठवलं. त्यांच्या भाषेत बोलणारा मीच होतो. इस्पितळात त्यांच्या उजव्या डोळ्यावर जाड पट्टी होती. डोळा गेला हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. डावा लाल होऊन सारखा पाणावत होता. वॉर्डातली लातूरची एक सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, “लई सोसतेत बघा काका. आमालाच धीर देतेत.” मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मुदीरने इंग्रजीत तयार करून दिलेला जबाबाचा कागद मी वाचायला लागलो. इंग्रजी वाक्य मनात, मराठी तोंडात. अमुक दिवशी, अमुक वेळी, अमुक रायफल. भाई मान हलवत होते. मग ते वाक्य आलं. ‘काडतुसं वाहनात ठेवू नयेत अशी लेखी सूचना असताना मी ती वाहनात ठेवली.’ मी ते गाळू शकलो असतो, त्यांना कळलं नसतं. पण खाली त्यांची सही येणार होती, आणि न ऐकवता सही घेण्याइतका मी अजून खालच्या थराला गेलो नव्हतो. म्हणून मी ते पूर्ण वाचलं. अजूनही माझा हाच प्रामाणिकपणा मला सगळ्यांत किळसवाणा वाटतो.

भाईंची मान हलायची थांबली.

“असं लिहिलेलं होतं?”

“हो.”

“तू तर चालेल म्हणाला होतास.”

“तेव्हा म्हणालो होतो. मग मार्चमध्ये सूचना लावली. फळ्यावर आहे.”

माझ्या आवाजात काहीतरी असावं, कारण त्यांनी डाव्या डोळ्याने माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला. ज्या नजरेला दोनशे पावलांवरचं भोक दिसायचं तिला हातभर अंतरावरचं माझं तोंड नीट दिसत नव्हतं. मी त्या क्षणी देवाचे आभार मानले. असे आभार कोणी मानत नाही.

“तुझी काय चूक,” ते म्हणाले. “मला वाचता येत नाही. नवा कागद दिसला की मी येतोच तुझ्याकडे. हा कसा राहिला काय माहीत.” मग हात पुढे केला. मी पेन त्यांच्या बोटांत दिलं आणि सहीच्या जागेवर टेकवून धरलं. सही वाकडी आली.

महिन्याभराने भाई गावी गेले. नियम मोडला म्हणून क्लबाने त्यांची बोळवण केली, त्यांनी वादही घातला नाही. नवी पावडर गाजावाजा न करता नष्ट करण्यात आली आणि जुनी परत मागवली. आता मी पुन्हा काड्या तोलतो. दर जूनमध्ये प्रत्येक मालातला एक खोका माझ्या गाडीत दिवसभर ठेवून लांबून उडवतो, आणि मगच तो रकाना भरतो. मुदीर याला माझा काटेकोरपणा म्हणतो आणि नव्या लोकांना माझं उदाहरण देतो.

परवा ईदला मी भाईंना फोन केला. दरवर्षी करतो. त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, बायकोची केली. डाव्या डोळ्यालाही आता कमी दिसतं, पण मशिदीची वाट पायांना पाठ आहे म्हणाले. मग हसून म्हणाले, “इथं सगळ्यांना सांगतो मी. माणसाला वाचता येत नसलं तर त्यानं विचारावं. लाजू नये. मी तेवढं विचारलं नाही आणि डोळा घालवून बसलो.”

विचारलं होतंत, भाई. जानेवारीत, दोन्ही डबे समोर असताना तुम्ही मला तेच विचारलं होतंत.

हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, “डोळ्यात औषध घालता ना वेळेवर?” ते म्हणाले, घालतो.