गुप्तेबाईंचा संथ बेडूक

घाटकोपरच्या एका शाळेत सत्तावीस वर्षं पीटी शिकवणाऱ्या मृणालिनी गुप्ते नाकावर माशी बसू देत नाहीत. त्यांचा खो-खोचा संघ हरला आणि कुणी "बाई, नशीब नव्हतं" म्हणालं, की त्याची खैर नसते. नशीब नाही, सराव नव्हता, असं त्या भर मैदानात सुनावतात. अशा बाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी व्हिडिओ गेमच्या नादी लागल्या, यावर मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत अजून कुणाचा नीट विश्वास बसलेला नाही.

झालं असं, की गेल्या वर्षी घोटा मोडला आणि पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये. भाचा मुकुल अंधेरीच्या एका कंपनीत कोडिंग करतो. मावशीचा वेळ जावा म्हणून त्याने आपलं जुनं गेमचं यंत्र आणून दिलं. त्यात चित्रविचित्र प्राण्यांच्या झुंजी. सहा प्राण्यांचा संघ करायचा, समोरच्याचा संघ बघून आपले चार निवडायचे आणि एका वेळी दोन मैदानात उतरवायचे. तीन दिवस बाई कंटाळल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की इथे सहा दांडगे गोळा करून भागत नाही. कोण कुणाच्या मागून उठतो यावर सगळं ठरतं. म्हणजे खो-खोच की! मग काय, बाई पेटल्याच.

त्यांनी पावसाचा संघ बांधला. या खेळात काही प्राणी मैदानात पाय ठेवताच हवा बदलतात. कुणी ऊन पाडतो, कुणी वाळूचं वादळ उठवतो. बाईंचा बेडूक पाऊस आणतो. पाऊस टिकतो पाच चाली. तेवढ्यात त्यांच्या वाम माशाचा वेग दुप्पट होतो आणि बगळ्याची वीज एकदाही चुकत नाही. नवखा माणूस सहाही प्राणी पावसाळी घेतो आणि पाऊस थांबला की तोंडावर आपटतो. बाईंनी एक साळिंदर आणि एक कासव खास कोरड्या वेळेसाठी राखून ठेवले.

खरी करामत बेडकात होती. दोन्हीकडचे हवा बदलणारे प्राणी एकदम उतरले, तर चपळ प्राणी आधी आपली हवा आणतो, संथ प्राणी नंतर, आणि नंतरची हवा आधीची पुसून टाकते. बाकी सगळे आपापला प्राणी चपळ करायच्या मागे. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! बाईंनी मात्र आठ महिने खपून बेडकाला जितकं संथ करता येईल तितकं केलं.

"मावशी, नेटवर चॅम्पियनची टीम रेडीमेड मिळते गं," मुकुल म्हणाला. "कॉपी मार ना. सगळे तेच करतात."

"सत्तावीस वर्षांत मी कधी दुसऱ्याचा संघ आणून खेळवला का रे?"

"पण हा बेडूक हलेपर्यंत चहा होईल, यार!"

"मग पी चहा."

अंधेरीतल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. बत्तीस खेळाडू, दोनदा हरला की घरी, शेवटचे आठ तीन महिन्यांनी बंगळुरूच्या अंतिम फेरीला. बाईंना बंगळुरू गाठायचं होतं, आणि तेही स्वतः बांधलेल्या संघानिशी. ऑनलाइन नोंदणीत त्या अडकल्या म्हणून यंत्र दोन दिवस मुकुलकडे दिलं होतं. एकदा नोंदवलेला संघ त्या स्पर्धेत बदलता येत नाही.

पहिल्याच सामन्यात समोर ऊन पाडणारा बोकड आला. बाई मनात हसल्या आणि त्यांनी बेडूक उतरवला. पाऊस आला. लगेच लख्ख ऊन पडलं. पाऊस गेला तो गेलाच, आणि सामनाही गेला.

बाईंनी बेडकाची माहिती उघडून पाहिली. त्याचा वेग तिपटीने वाढलेला होता. मान वर केली, तर दोरीपलीकडून मुकुल अंगठा वर करून दाखवत होता आणि त्याचा चेहरा कौतुकाने नुसता फुलला होता. सगळा उलगडा झाला. बाईंना असा संताप आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. आठ महिने! आणि या शहाण्याने दोन दिवसांत त्यांची वाट लावली होती.

पण खो-खोत मिळालेला खो परत करता येत नाही. चुकीच्या वेळी मिळाला तरी उठून धावावंच लागतं. मुकुलने आणलेला सामोसा त्यांनी मुकाट्याने खाल्ला आणि वही काढली. बेडूक चपळ झालाय ना? मग तो बोकडासमोर उतरवायचाच नाही. आधी साळिंदर आणि कासव लढतील, बोकड पडेल, आणि मग बेडूक उठेल. मागून येणाऱ्याची हवा पुसायला कुणी उरणारच नाही.

पुढचे तीन सामने बाईंनी जिंकले. त्यानंतरच्या सामन्यात समोर होती बोरिवलीची गंधाली, वीस वर्षांची, तिच्याकडेही बोकड. हा जिंकला तर बंगळुरू, हरला तर घर. भर उन्हात साळिंदर होरपळत होतं, तरी बाई दात आवळून बसल्या. कासव पडलं. बदली म्हणून वाम आला आणि कसाबसा तग धरून राहिला. गंधालीचा एकही प्राणी अजून पडला नव्हता. शेवटी साळिंदराने बोकडाला लोळवलं आणि स्वतःही मान टाकली. उरले दोनच, बेडूक आणि वाम. समोर तीन.

"सॉरी हं, काकू," गंधाली म्हणाली.

बेडूक उतरला. पाऊस लागला. आणि या पावसाला मोडता घालणारं कुणी नव्हतं. वाम असा सुटला, की गंधालीच्या एकाही प्राण्याला चाल करायची सवड मिळाली नाही. चौथ्या चालीला मैदान रिकामं झालं. गंधालीने उठून बाईंचा हात हातात घेतला.

बाईंची मान ताठ झाली. आपण बांधलेला संघ किती पक्का आहे, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळत होतं.

मुकुल धावत आला. "मावशी, सॉलिड! आता सांगतो, सरप्राईज होतं. तुझा बेडूक मी फास्ट केला होता, म्हणूनच तर..."

"म्हणूनच मी पहिला सामना हरले." बाईंनी त्याला कारण दोन वाक्यांत समजावलं. मुकुलचं तोंड एवढंसं झालं.

"मग तेव्हाच ओरडली का नाहीस?"

"ओरडले असते तर तू तोंड पाडून बसला असतास, आणि तुझ्याकडे बघत मी दुसराही हरले असते."

"आज घरी गेल्या गेल्या परत स्लो करतो. शॉर्टकट आहे, दहा मिनिटांत होईल."

"शॉर्टकट नाही. एकेक सराव करून घ्यायचा, मी घेतला तसा. मला आठ महिने लागले, तुला तीन आहेत."

"आणि नाही जमलं तर?"

"तर असाच घेऊन जाईन," बाई म्हणाल्या. "आज याच बेडकानिशी जिंकले ना?"