सर्व्हरनं न वाचलेला संपत

संपत गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच्यावरच चिडून बसलो होतो. सकाळपासून गडी फोन उचलत नव्हता... मग भवानीनगरहून त्याच्या मेव्हण्याचा फोन आला. हार्ट अटॅक. आदल्या संध्याकाळी आम्ही कन्हेरीला, त्याच्या घरच्या खोलीत, सर्व्हरला शिव्या घालत बसलो होतो.

साखर कारखान्यासाठी ऊसतोडीच्या पाळीचा प्रोग्राम आम्ही दोघं जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहीत होतो. मोबाईल ॲप पुण्याची पोरं करणार होती. आमच्या प्रोग्रामकडून कुठली माहिती कशी मागायची, हे समजावणारं पान त्यांना हंगामाआधी हवं होतं, नाहीतर काम दुसऱ्याकडं जाणार होतं. हे पान हातानं लिहायचं नसतं. कोडमध्येच ॲनोटेशन म्हणून खुलासे लिहायचे, सर्व्हर ते वाचून पान तयार करतो. संपतनं ते जीव ओतून लिहिले होते, अगदी समोर बसून बोलल्यासारखे. पण सर्व्हर ढुंकून बघेना. पान उघडावं तर वर नुसतं नाव, खाली सगळं कोरं. जोडलेल्या तयार कोडच्या लायब्ररी बदलल्या, सर्व्हर नव्यानं टाकला, तरी घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना.

"मी लिवलेलं त्याला दिसतच न्हाय गड्या," तो म्हणाला. अगदी रडकुंडीला आला होता. उद्या बघू म्हणून मी निघालो.

तेराव्यानंतर त्याच खोलीत एकटा बसलो आणि सेटिंगच्या फाईलमध्ये ती ओळ सापडली. कन्हेरीत लाईट सारखी जायची, आल्यावर सर्व्हर उठायला फार वेळ लावायचा. तो लवकर उठावा म्हणून उन्हाळ्यात संपतनंच सर्व्हरचं ॲनोटेशन वाचणं त्या ओळीनं बंद केलं होतं, आणि विसरला होता. अरे बाबा, एवढंच होतं रे! ओळ काढली, सर्व्हर चालू केला आणि पान भरलं. खालपर्यंत नुसता संपत बोलत होता. मी टेबलावर डोकं टेकून ढसाढसा रडलो.

काम आमच्याकडंच राहिलं. मग एका दुपारी त्याच्या आईचा फोन आला. पानाच्या शेवटी संपतनं लिहून ठेवलंय, 'अडलं तर बिनधास्त फोन करा', आणि पुढं स्वतःचा नंबर. तो फोन काकू अजून चार्ज करून उशाशी ठेवतात.

"पुण्याची पोरं संपतला इचारत्यात," काकू म्हणाल्या. "कायतरी अडलंय म्हणं त्यास्नी. मी काय सांगू?"

माझा नंबर द्या, म्हटलं. तेव्हापासून त्याचा नंबर काढायला रोज कोड उघडतो... आणि तसाच बंद करतो. कालही पोरांचा फोन काकूंनीच उचलला.